उंची 155 सेंमी आणि सीट 835 मिमीवर: गाडी लोअर करू, दुसरी बघू की नाद सोडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची 155 सेंमी, मनात भरलेल्या ॲडव्हेंचर मोटरसायकलची (खडबडीत वाटांसाठी उंच बांधलेली गाडी) सीट 835 मिमीवर. शोरूममध्ये बसलात तेव्हा दोन्ही पायांची नुसती बोटं टेकली. विक्रेता म्हणतो, डिलिव्हरीआधीच गाडी लोअर करून, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून खाली आणून देतो. हो म्हणावं का?

आत्ताच हो म्हणू नका, आणि नाद तर मुळीच सोडू नका. मी स्वतः 157 सेंमी आहे. गेली 18 वर्षं गाडी चालवतेय आणि त्यातली बहुतेक वर्षं कागदावर माझ्यासाठी उंच असलेल्या गाड्यांवर गेली. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेच्या सर्वोच्च वर्गात 31 शर्यती जिंकलेला दानी पेद्रोसासुद्धा जेमतेम 160 सेंमीचा. गाडी चालती असताना उंचीचा काही प्रश्न येत नाही. प्रश्न येतो थांबण्याच्या त्या दोन सेकंदांत, म्हणून सगळा विचार तिथूनच करायचा.

आधी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सायकलच्या सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या. कामाचा आकडा हा आहे, एकूण उंची नाही. सारख्या उंचीच्या दोघींच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंमीचा फरक सहज असतो.

माहितीपत्रकातल्या सीटच्या उंचीवरही पूर्ण विसंबू नका. एक तर तो आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबून गाडी दोन-तीन सेंमी खाली येते. दुसरं म्हणजे सीटची रुंदी, जिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. सीट पुढे, टाकीजवळ रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली जाण्याऐवजी तिरका जातो. तितकी लांबी वाया जाते. म्हणून 800 मिमीची निमुळती सीट 780 मिमीच्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. शोरूममध्ये सीटच्या अगदी पुढच्या भागात बसून बघा, रोजचे बूट घालून बघा, आणि गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी करून बघा. स्टँडवर कललेल्या गाडीवर पाय टेकले म्हणजे काही कळलं असं नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकायलाच हव्यात, हे डोक्यातून काढून टाका. एका पायाचा चवडा भक्कम टेकला की पुरतं. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी थांबताना दोन्ही पाय एकदम खाली सोडायची. एका संध्याकाळी चौकात थांबले, तिथे रस्ता उजवीकडे उतरता होता. डाव्या पायाची बोटं टेकली, उजव्या बुटाखाली काहीच आलं नाही. गाडी इतकी हळू कलली की मला वाटलं सावरेन. 180 किलोची गाडी थोडी कलेपर्यंत हात पेलतात. त्यापुढे कुणाचेच पेलत नाहीत. पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोडला आणि घोटा तीन आठवडे पट्टीत राहिला.

त्यानंतर जे शिकले ते असं. थांबायच्या आधीच पहिल्या गिअरमध्ये या, म्हणजे थांबल्यावर पायाला दुसरं काम उरत नाही. कुठल्या बाजूची जमीन उंच आहे ते दहा-पंधरा मीटर आधीच बघून ठेवा आणि त्याच बाजूचा पाय टेकवायचं ठरवा. शेवटच्या क्षणी कंबर त्या बाजूला चार बोटं सरकवा, मांडीची आतली बाजू सीटच्या कडेवर येईल इतकी. दुसरा पाय फूटरेस्टवरच राहू द्या. नुसत्या कंबर सरकवण्याने आधी फक्त बोटं टेकणारा पाय चवड्यावर येतो. सपाट जागी करून बघा, फरक लगेच जाणवेल. आणि हँडल सरळ. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्या बाजूला आपटते, मग चालवणारा सहा फुटी असला तरी. रिकाम्या मैदानात रोज 20 मिनिटं, दोन आठवडे, फक्त थांबणं आणि निघणं. एवढा सराव करा.

इतकं करूनही कमी पडलं तर गाडीला हात लावायचा, पण जे परत पूर्ववत करता येतं तिथून सुरुवात. मागच्या शॉकॲब्जॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, बहुतेक गाड्यांवर पाच-सात पायऱ्यांत बदलता येतो, त्यासाठीचा पाना अनेकदा टूलकिटमध्येच असतो. तुमचं वजन कमी असेल आणि प्रीलोड वरच्या पायरीवर असेल तर गाडी पुरेशी दबतच नाही. एक-दोन पायऱ्या सैल करा. पूर्ण सैल मात्र नको. खड्ड्यात शॉक तळाला आपटायला लागला तर एक पायरी परत घ्या. जाड तळाच्या रायडिंग बुटांनी आणखी दोन सेंमी मिळतात, फक्त बूट बदलल्यावर गिअरचा लिव्हर थोडा वर घ्यावा लागतो.

यानंतर सीट. माझ्या मते पैसे घालायचे तर इथे. काही कंपन्या आपल्या गाडीची कमी उंचीची सीट वेगळी विकतात, ती आधी विचारा. नसेल तर जुनी सीट जपून ठेवा आणि दुसऱ्या सीटचा फोम कापून घ्या. कारागिराकडे नुसती सीट पाठवू नका, स्वतः जा. गाडीवर बसा आणि मांड्या जिथे सीटच्या कडांना दाबतात तिथे त्याला पेनाने रेघ मारायला सांगा. बहुतेक कारागीर वरूनच फोम काढतात आणि बसायला फळीसारखी सीट हातात देतात. वरून दोन सेंमी पुरे. खरं काम कडा गोल करण्यात आहे. आणखी एक, फक्त पुढचा भाग उतरवला तर सीटला उतार येतो आणि प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीवर घसरता. बसायची जागा सपाट राहिली पाहिजे हे त्याला बजावून सांगा.

विक्रेता म्हणतोय ते लोअरिंग सगळ्यात शेवटी. त्याला माझा विरोध नाही, पण मागची बाजू खाली आणली की बाकीचं सगळं बदलतं हे तो सांगणार नाही. फक्त मागून खाली आणली तर पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) जास्त तिरका होतो, गाडी वळायला जड होते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून पुढचे फोर्कही क्लॅम्पमध्ये त्या प्रमाणात वर सरकवावे लागतात, आणि फोर्क पूर्ण दबल्यावर चाक मडगार्डला किंवा रेडिएटरला घासत नाही ना ते तपासावं लागतं. जमिनीपासूनचं अंतर घटतं, जे ॲडव्हेंचर गाडीत तुम्ही मुद्दाम विकत घेताय. आणि साइड स्टँड! माझ्या मैत्रिणीने गाडी 4 सेंमी लोअर करून घेतली, स्टँड तसाच ठेवला. लांब पडलेल्या स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहायची. एका दुपारी जराशा उतारावर ती उलट्या बाजूला पडली, आणि शेजारी उभ्या लहान मुलापासून हातभर अंतरावर पडली. लोअर करायचीच तर स्टँड त्याच दिवशी कापून जोडून घ्या. कुणी स्प्रिंगचे वेढे कापून देतो म्हणाला तर तिथून गाडी बाहेर काढा. कापलेली स्प्रिंग कडक होते, ती दबण्याचं अंतरही कमी होतं.

दुसरी गाडी बघायची तयारी असेल तर आकडे सांगते: होंडा रिबेल 500 ची सीट 690 मिमी, कावासाकी व्हल्कन एसची 705, रॉयल एनफील्ड मिटिऑर 350 ची 765. अशा खाली सीटच्या क्रूझर गाड्यांत पाय सहज टेकतात, पण फूटरेस्ट पुढे असल्याने हँडलपर्यंत हात पुरतात का तेही बघा. वजनही बघा. बंद गाडी बाजूला उभं राहून दहा पावलं मागे ढकलता आली नाही तर सीट कितीही खाली असो, पार्किंगमध्ये रोज त्रास होईल. हार्लेच्या पॅन अमेरिकामध्ये थांबताना गाडी आपोआप खाली बसण्याची सोय मिळते, पण ती फार मोठी आणि जड गाडी आहे. पहिली गाडी म्हणून मी सुचवणार नाही.

तुम्ही पुस्तक लावून माप घ्या आणि ते, तुमचं वजन आणि त्या गाडीचा प्रीलोड सध्या कितव्या पायरीवर आहे, एवढं कळवा. मग सीट कापायची गरज आहे की नुसता पाना फिरवून भागेल, ते सांगते.