आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये ताण आणि नोंदी दोन्ही कसं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये आशाताईंना ताण कसा सांभाळायचा आणि नोंदी कशा ठेवायच्या हे दोन्ही कसं बसवायचं. मी बरीच वर्षं गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी, होते, माझं म्हणणं एकच, हे दोन विषय वेगळे करूच नका.

एका ट्रेनिंगला मी सगळ्यांना एचबीएनसीचे, म्हणजे नवजात बाळाच्या घरभेटींचे, भरलेले फॉर्म आणायला सांगितले होते. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन, ताप बघायचा, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. एका ताईच्या फॉर्मवर पहिल्या तिन्ही भेटींना वजन एकच, अडीच किलो! पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं मग चढतं, असं जागच्या जागी राहत नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारलं तर रडायलाच लागली. काटा अडकलेला, दोनदा सांगून झालेलं, आणि आधीच्या महिन्यात रकाना रिकामा ठेवला म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेली, मग काय, लिहिलं अडीच. पण रात्री झोप नाही, बाळ खरंच कमी वजनाचं असेल आणि माझ्यामुळे राहून गेलं तर?

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी तासभर साहेब, सुपरवायझर कुणी खोलीत नको. कुठला रकाना अंदाजाने भरता आणि का, एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. नंतर मेडिकल ऑफिसरनी स्वतः सगळ्यांसमोर सांगायला हवं की "काटा बंद, वजन घेतलं नाही" ही बरोबर नोंद आहे, त्यावर कुणी ओरडणार नाही. हे तुम्ही सांगून उपयोग नाही, त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी एकच बाळ घ्या आणि त्याची माहिती डायरीत, रजिस्टरमध्ये, मोबाईलवर कुठे कुठे लिहावी लागते ते फळ्यावर मांडा. एकेका ताईकडे हजारेक लोकसंख्या, त्यात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सर अशा आजारांचा धोका बघायचा) वेगळा, तेच ते तीनदा लिहिण्यात संध्याकाळ जाते बायकांची. काय बंद करता येईल ते तिथेच ठरवा.

आणि एक राहिलं, जिच्या गावात बाळ दगावलंय तिच्याजवळ आधी कुणीतरी बसा, चौकशीचा फॉर्म नंतर भरा. ट्रेनिंग महिनाअखेरीला तर अजिबात ठेवू नका, रिपोर्ट डोक्यावर असतात तेव्हा.