नीटचा तिसरा प्रयत्न आणि हादग्याची कळी

नमस्कार.

लेकीच्या पुढच्या शिक्षणाबद्दलच्या तुमच्या दोन पानी पत्रात 'नीट' हा शब्द अकरा वेळा आलाय. 'हल्ली ती जेवायला सोबत बसत नाही' हे वाक्य एकदाच, तेही कंसात. माझं लक्ष तिथेच अडकलं. दोनदा परीक्षा देऊन दमलेली मुलगी बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेते म्हणते, पुढे वनस्पतींचं वर्गीकरणच, म्हणजे झाडं ओळखून त्यांची कुळं लावणं, शिकायचं म्हणते, आणि घरातून उत्तर काय, तर 'झाडांची कुळं पाठ करून पोट भरतं का?' तिसऱ्या प्रयत्नासाठी आणखी एक वर्षाचा ड्रॉप तिला हवाय का, हे तिला कुणी विचारलेलं पत्रात तरी दिसलं नाही. माझ्या मते तो घेऊच नका.

'आता डीएनए मशीनच झाड ओळखतं' हे तुमचं वाक्य मात्र सोडवत नाही. मशीन फक्त हातातला डीएनए साठ्यातल्या नमुन्यांशी जुळवतं. त्या नमुन्यांवर नावं घालतो वर्गीकरणवाला. तो चुकला की पुढची सगळी उत्तरं चुकतात. 2017 मध्ये शेंगांच्या कुळाची मांडणी बदलली. तिनाची सहा उपकुळं झाली, बाभूळ-लाजाळूचं उपकूळ बहाव्याच्या उपकुळात विरलं, आपटा आणि चिंच तिथून निघून दोन वेगळ्या उपकुळांत गेले. आधार मॅट-के नावाच्या, झाडांमधल्या एका जनुकाचा होता, पण प्रत्येक नमुना आधी कुणीतरी ओळखलेला होता. पोटाचं म्हणाल, तर अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला सीतेच्या अशोकाची साल लागते आणि बाजारात तिच्या नावावर हिरव्या अशोकाचीही खपते. पहिला शेंगांच्या कुळातला, दुसरा चक्क सीताफळाच्या! हे पकडणारा माणूस औषध कंपन्यांना लागतो.

एमएस्सी, नेट, गेट, वनसेवा हे रस्ते ठरलेले आहेत. कायम पदं थोडी असतात, हेही तिला आत्ताच सांगा.

आवड खरी आहे का, हे बघायला क्लास नको. शेंगांच्याच कुळातल्या हादग्याची आणि शंकासुराची एकेक टपोरी कळी, ब्लेड आणि दहापट भिंग आणा. कळीच हवी, फूल उमललं की कुठली पाकळी कुणाच्या आत होती ते नीट कळत नाही. हादग्यात वरची पाकळी सगळ्यांच्या बाहेर असते, नऊ पुंकेसर जोडलेले आणि एक सुटा. शंकासुरात तीच वरची पाकळी सगळ्यांच्या आत आणि दहाही पुंकेसर सुटे. यातलं काही आधी सांगू नका. तिचं तिला शोधू द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि तेवढा अर्धा तास नीटचा विषय काढू नका.