मुलीसाठी सीए, एसीसीए की सीएमए? एफडी मोडायच्या आधी

प्रश्न: मी पुलाची शिरोलीत राहतो, एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ४२,००० पगार येतो. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आत्तापर्यंत ६८ टक्के. सीए करायचं म्हणत होती, आता पुण्यातल्या एका क्लासचं एसीसीएचं, म्हणजे परदेशी अकाउंटन्सी कोर्सचं, पॅकेज बघून आलीय. फी ३,२०,०००, महिनाअखेरपर्यंत एकरकमी भरली तर सूट. बँकेत ३ लाखांची आणि गावातल्या पतसंस्थेत २ लाखांची एफडी आहे. मुलगा दहावीत आहे. एफडी मोडू, की बायकोच्या पाटल्यांवर गोल्ड लोन काढू?

उत्तर: नमस्कार. महिनाअखेरच्या सवलतीसाठी दोन्हीही करू नका. असल्या सवलती पुढच्या महिन्यात नवं नाव लावून परत येतात.

तुम्ही पाठवलेला पत्रकाचा फोटो मोठा करून बघितला. तळाला बारीक अक्षरात ‘कर वेगळे’ असं आहे. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ५७,६००. झाले ३,७७,६००. शिवाय एसीसीए ही लंडनची संस्था. तिची नोंदणी, परीक्षा आणि दरवर्षीची वर्गणी पौंडात भरायची, ती यात धरलेली नाही. बी.कॉम.वाल्यांना १३ पेपरांपैकी सुरुवातीचे काही माफ होतात खरे, पण त्या माफीचीही फी असते. आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे मुलाखतीला पाठवतील, एवढंच.

एसीसीए वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुण्या-बेंगळुरूत परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळणारी ऑफिसं आहेत, तिथे ती चालते. आखातात जायचं असेल तरी उपयोगी पडते. पण भारतातल्या कंपनीच्या ऑडिटवर तिची सही चालत नाही. कंपनी कायद्याचं ऑडिट असो की इन्कम टॅक्सचं टॅक्स ऑडिट, सीएच लागतो. मुलीला पुढेमागे कोल्हापुरात स्वतःचा बोर्ड लावायचा असेल, तर एसीसीएचा विषय तिथेच संपला.

आता सीए. लोक फी विचारतात, पण सीएची फी हा मोठा खर्च नाहीच. खर्च होतात ती वर्षं. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे ती थेट इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला, जाईल. शेवटच्या वर्षाला असतानाच तात्पुरती नोंदणीही होते. आठ महिने अभ्यास, इंटरचे सहा पेपर (तीन-तीनचे दोन ग्रुप), मग दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी (२०२३च्या नव्या योजनेआधी तीन होती), त्यानंतर सहा महिन्यांनी फायनल. निकालांची वाट धरून, सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तरी साडेतीन-चार वर्षं. तेवढ्यात घरात येणार तो आर्टिकलचा स्टायपेंड, म्हणजे पेट्रोल आणि चहापाणी. तिच्याच वर्गातली एखादी बी.कॉम. होऊन १५,००० वर अकाउंटंट लागली असं धरा. चार वर्षांचे तिचे ७,२०,००० होतात. सीएची खरी किंमत ही.

एखादा ग्रुप अडकला की ती वाढते. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ५० टक्के लागतात. एका पेपरला ३९ पडले की बाकीचे मार्क कितीही असोत, ग्रुप गेला. परीक्षा आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, तेवढाच दिलासा.

आर्टिकलशिप पुण्यात करायची टूम निघेल. हॉस्टेल, मेस, येणं-जाणं मिळून महिन्याला १०,००० धरले तरी दोन वर्षांचे २,४०,०००. त्यापेक्षा इथलीच, शाहूपुरीतली वगैरे, एखादी मध्यम फर्म बघा. दूध संस्था, पतसंस्था, फाउंड्री, गुळाचे अडत्ये, सगळ्यांच्या वह्या हाताखालून जातात. मोठ्या फर्ममध्ये एकाच कंपनीची व्हाउचरं तपासत बसायची वेळही येते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण आपला देशी सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, हाही विचारात घ्या. (अमेरिकेचा दोन पेपरांचा सीएमए वेगळा, क्लासवाले दोन्ही एकाच दमात सांगतात.) किलोभर कास्टिंगमागे पिग आयर्न किती, स्क्रॅप किती, भट्टीची वीज किती, रिजेक्शनमध्ये किती गेलं, हे तुम्ही रोज बघता. सीएमएचं काम तेच, फक्त कागदावर आणि कंपनीभर. पदवीधराला थेट इंटर, परीक्षा जून आणि डिसेंबरला, ट्रेनिंग १५ महिने. कंपन्यांचं कॉस्ट ऑडिट फक्त हेच करतात. लग्न जमवताना ‘सीए’चा रुबाब याला नाही, पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांना असं माणूस लागतं.

माझं मत: तिला इथेच राहायचं असेल तर सीए, थेट इंटरला. इंटरला चार प्रयत्नांची मर्यादा आजच ठरवा, तिच्यासमोर. तेवढ्यात दोन्ही ग्रुप सुटले नाहीत तर सीएमए. अकाउंट्स, टॅक्स, कॉस्टिंगचा अभ्यास बराचसा तोच, वाया जात नाही. जोडीला सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा आहेच. अनुभवाच्या अटी पुऱ्या केल्या की सहकारी संस्थांच्या ऑडिटच्या पॅनलवर जाता येतं, आणि आपल्या जिल्ह्यात गावागणिक संस्था आहेत.

पैशाचं असं करा. आधी पतसंस्थेतले २ लाख वापरा, मुदत संपली की. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तुमची संस्था चांगली असेलही, पण शिक्षणाचा पैसा मी तिथे ठेवणार नाही. नोंदणी, पुस्तकं, इंटरचे क्लास त्यात बसायला हरकत नाही. फी ग्रुपप्रमाणे भरतो म्हणून सांगा. बँकेची एफडी नूतनीकरणाला आली की एक-एक लाखाच्या तीन करा, म्हणजे अडचणीत एकच मोडेल. त्यातली एक मुलाची समजा.

पाटल्यांना हात लावू नका. गोल्ड लोन साधारण वर्षाच्या मुदतीचं, आणि कमाई चार वर्षांनी; दरवर्षी व्याज भरून नूतनीकरण करत बसाल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते, असं कुणी सांगेल. ती जुन्या कररचनेत आहे. नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला करच नाही, मग सवलत कशातून घेणार?

कुठलीही नोंदणी करायच्या आधी, परीक्षा संपली की, तिला महिनाभर एखाद्या सीएच्या ऑफिसात बसवा, बिनपगारी चालेल. रिटर्नच्या गर्दीत हाताला हात हवाच असतो. तिथून आल्यावर पुढचं पत्र तिलाच लिहू दे. या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही.