उतारा समजतो, तरी अनुमान चुकते

प्रश्न : मी क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत आहे. उतारा समजतो, पण अनुमानाच्या प्रश्नात शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी निवडलेला पर्याय खरा असूनही उत्तर चुकीचे ठरते. असे का होते?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुम्ही ‘खरा असूनही’ असे लिहिले आहे आणि घोटाळा नेमका तेथेच आहे. पर्याय जगात खरा आहे की नाही हे परीक्षक विचारत नाही. उताऱ्यातील विधाने मान्य केली तर कोणता पर्याय मान्य करणे भाग पडते, एवढेच तो विचारतो.

एक छोटा उतारा घेऊ. ‘विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही; इतर काही अर्जदारांना मात्र उत्पन्नमर्यादा लागू होते. तरीही हक्क असलेले बरेच लोक अर्जच करत नाहीत.’ आता उरलेले दोन पर्याय पाहा. (अ) हक्काची माहिती नसल्यामुळे लोक अर्ज करत नाहीत. (ब) केवळ उत्पन्न जास्त आहे या कारणाने एखाद्या महिलेला हे साहाय्य नाकारता येणार नाही.

बहुतेक विद्यार्थी (अ) कडे झुकतात, कारण तो अनुभवाशी जुळतो आणि उताऱ्याच्या शेवटच्या वाक्याला चिकटून येतो. अशा वेळी पर्याय उलटा करून पाहावा. लोकांना हक्काची पूर्ण माहिती आहे, पण न्यायालय दूर असल्याने किंवा मोफत मिळणाऱ्या वकिलावर भरवसा नसल्याने ते अर्ज करत नाहीत, असे मानले तरी उताऱ्यातील एकही वाक्य खोटे ठरत नाही; म्हणजे (अ) हे आपण पदरचे घातलेले कारण आहे. (ब) उलटा केला, म्हणजे उत्पन्न जास्त म्हणून महिलेला नाकारता येते असे धरले, तर पहिल्याच वाक्याशी विरोध येतो. म्हणून उत्तर (ब). ते काहीसे नीरस वाटते, पण अनुमानाची बरोबर उत्तरे पुष्कळदा अशीच नीरस असतात. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ असे शब्द दिसताच पर्याय खोडण्याची शिकवणीतली सवय येथे नडली असती, कारण बरोबर उत्तराची सुरुवातच ‘केवळ’ने होते.

प्रश्नात ‘सर्वाधिक संभाव्य’ असे शब्द असतील, तर कसोटी थोडी सैल करावी : पर्याय उताऱ्यातून अटळपणे निघालाच पाहिजे असे नाही, पण त्याला आधार मात्र उताऱ्यातलाच हवा.

१२० मिनिटांत १२० प्रश्न असताना प्रत्येक पर्याय उलटा करत बसणे परवडणारे नाही. ही तपासणी शेवटी उरलेल्या दोन पर्यायांपुरतीच ठेवा. तरीही निर्णय होत नसेल, तर चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो हे ध्यानात घेऊनही दोहोंपैकी एक निवडणे सरासरीने फायद्याचेच ठरते.