ब्रेन ट्यूमर आणि स्नायूंचे आजार, दोन्हींवर एकच संशोधक काम कसं करू शकतो?

करू शकतो, कारण रेणवीय (म्हणजे डीएनए, प्रथिनं अशा रेणूंच्या पातळीवर काम करणाऱ्या) जीवशास्त्रज्ञाचं लक्ष अवयवापेक्षा जनुकावर असतं. नमुन्यातून डीएनए वेगळा करायचा, पीसीआर करून हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढायच्या, अक्षरांचा क्रम वाचून बिघाड शोधायचा. तंत्रं दोन्हीकडे तीच.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू कमकुवत करत जाणारा आजार घ्या. यात बिघडणारं, डिस्ट्रोफिन या स्नायूंतल्या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्यांत ते गुणसूत्र एकच असतं, म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ लुई कुंकेल यांच्या गटाने ते १९८६-८७ च्या सुमारास शोधलं. त्यात ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिन बनवण्याची माहिती असलेले तुकडे, आहेत. काही एक्झॉन गळाले आणि डीएनएची पुढची अक्षरं तीन-तीनच्या गटांत नीट बसेनाशी झाली, तर कामाचं प्रथिन जवळपास बनतच नाही. ती बसत राहिली तर आखूड, पण थोडंफार काम करणारं प्रथिन बनतं आणि सौम्य असा बेकर प्रकार होतो. म्हणजे जास्त भाग गळूनही आजार सौम्य असू शकतो! मला हा भाग फार विलक्षण वाटतो.

आता ब्रेन ट्यूमर. मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठीचे चार मुख्य रेणवीय गट आहेत. त्यांतल्या डब्ल्यूएनटी (WNT) नावाच्या गटातली मुलं उपचारांनी बरी होण्याची शक्यता सर्वाधिक असते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातही या गटांवर संशोधन झालं आहे.

खरा फरक नमुन्यात आहे. ट्यूमरमधले बदल बहुधा गाठीपुरतेच असतात, म्हणून गाठीचा तुकडा लागतो. ड्युशेनचा बिघाड जन्मजात, त्यामुळे बहुतेकदा रक्त पुरतं. तो आईकडून आलेला असू शकतो, म्हणून मुलाचं निदान झालं की आई, मावशी आणि बहिणींच्या तपासणीबद्दल जनुकीय समुपदेशकाला जरूर विचारा.