फरशीआधी बीपीचा पट्टा

वाचकांचे प्रश्न : साथीच्या दिवसांतली दवाखान्याची स्वच्छता

प्रश्न : जुलाबाची साथ आली की वॉर्डात दिवसातून तीनदा फिनाईलचा पोछा मारतो. तरी तापासाठी दाखल असलेल्या लेकरांनाही दोन-तीन दिवसांत जुलाब लागतात. कुठं चुकतं?
– परिचारिका, ग्रामीण रुग्णालय, मेळघाट

उत्तर : पोछा फक्त फरशीवर फिरतो आणि विषाणू हातांवरून फिरतो, चूक बहुधा तिथंच आहे. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, नळाची तोटी, संडासाची कडी, सगळ्यांचा मिळून एकच पाण्याचा पेला, या जागांवर आधी लक्ष द्या. फरशीचा नंबर नंतर.

दुसरं, घरगुती फिनाईलवर इथं विसंबता येत नाही. जुलाब-उलटीच्या साथीत नोरो विषाणू असू शकतो. त्याला चरबीचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझरही त्याच्यावर कमी पडतं. हातांना साबण-पाणी आणि वस्तूंना क्लोरीन, हेच वापरा.

उलटी किंवा शौच सांडलं तर त्यावर थेट पाणी ओतू नका, शिंतोडे उडतात. हातमोजे आणि मास्क घाला. जुनं फडकं किंवा कागद टाकून घाण टिपून घ्या आणि पिवळ्या पिशवीत टाका. मग साबणाच्या पाण्यानं जागा धुवा. त्यानंतर 0.5 टक्के क्लोरीनचं पाणी ओता. जागा 10 मिनिटं ओलीच राहू द्या आणि शेवटी साध्या पाण्यानं पुसून घ्या. साबणाची पायरी गाळली तर क्लोरीन घाणीशीच लढण्यात खर्ची पडतं आणि विषाणूसाठी उरत नाही. 10 मिनिटं थांबायला कोणाला वेळ नसतो हे कळतं, पण लगेच पुसून घेतलं तर औषध वाया जातं.

पुसण्याचा क्रम स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे : आधी जुलाब नसलेल्यांच्या खाटा, मग जुलाबवाल्यांच्या, संडास सर्वांत शेवटी. फडक्याची चौघडी केली तर आठ बाजू मिळतात. एका खाटेला एक बाजू वापरा. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं की अख्खी बादलीच दूषित होते.

प्रश्न : ब्लीचिंग पावडर बादलीत अंदाजानंच टाकतो. नेमकं माप काय?
– सफाई कामगार, प्राथमिक आरोग्य केंद्र, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताज्या पावडरीत साधारण 30 टक्के क्लोरीन असतं. 10 लिटर पाण्यात 170 ग्रॅम टाकली की 0.5 टक्क्याचं पाणी होतं. हे रक्त, उलटी, शौच यांसाठी. कठडे, टेबल, दाराच्या कड्या यांना 0.1 टक्का पुरतो : 10 लिटरला 35 ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात खळ करा, मग उरलेलं पाणी घाला. अर्धा तास निवळू द्या आणि वरचं निवळ पाणीच वापरा. 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं तयार द्रावण, मिळत असेल तर 10 लिटर द्रावणात त्याचं माप अनुक्रमे 1 लिटर आणि 200 मिलिलिटर. कोविडच्या काळात केंद्र सरकारच्या सूचनांत 1 टक्का होता, जागतिक आरोग्य संघटनेनं पृष्ठभागांसाठी 0.1 टक्का सांगितला होता. तुमच्याकडं लेखी आदेश असेल तर तोच पाळा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली उघडं पोतं ठेवलं तर पावडरीतलं क्लोरीन झपाट्यानं उडून जातं. उग्र वास येतो म्हणजे दम शाबूत आहे, असं समजू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवा. द्रावण रोज सकाळी नवं करा. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पोलादी वस्तूंवरून नंतर साधं पाणी फिरवा, नाहीतर गंज चढतो.

प्रश्न : फ्लूच्या साथीत नेब्युलायझर एकच आणि रुग्ण वीस. काय करावं?
– वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : औषधाचा बारीक फवारा करून श्वासातून देणारं हे यंत्र एक चालेल. मास्क आणि औषधाची वाटी मात्र प्रत्येक रुग्णाची वेगळी हवी, साथीत खर्च करायचा तर यावर करा. पुन्हा वापरायचेच असतील तर सुटे भाग साबणानं धुवा आणि माहितीपत्रकात चालतं असं लिहिलेलं असेल तर 5 मिनिटं उकळा, मग पूर्ण वाळू द्या. हवेची नळी धुवू नका. आत शिरलेलं पाणी वाळत नाही.

बीपीचा पट्टा दिवसभरात शेकडो दंडांना लागतो, तरी पुसायच्या यादीत त्याचं नाव सहसा नसतं. रेक्झिनचा असेल तर दर रुग्णानंतर 70 टक्के स्पिरिटनं पुसा. कापडी असेल तर आतला फुगा काढून खोळ साबणानं धुवा. म्हणून दोन खोळी लागतात. पल्स ऑक्सिमीटर बुडवू नका, स्पिरिटच्या बोळ्यानं आतली दोन्ही पॅड पुसा. स्टेथोस्कोपलाही तेच.

साखर तपासायच्या यंत्राबाबत तडजोड नकोच. वाळलेल्या रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू किमान 7 दिवस जिवंत राहतो. टोचायचं पेन दोघांत कधीही वापरू नका, सुई तर नाहीच.

प्रश्न : चांदीपुरा तापाच्या बातम्या आल्या की गावकरी दवाखान्यात आणि माणसांच्या अंगावरही हायपो (हायपोक्लोराइट) फवारा म्हणतात. फवारावा का?
– आशा कार्यकर्ती, गोंदिया जिल्हा

उत्तर : नाही. अंगावर फवारलं तर डोळे, त्वचा आणि श्वासनलिकेला इजा होते. भिंतींवर फवारूनही कोपऱ्यातली घाण जागीच राहते. शिवाय हा विषाणू, जो 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात प्रथम सापडला, मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपा, गोठ्यातलं शेण घरापासून लांब टाका, लेकरांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा. ताप, झटके, बेशुद्धी दिसली की त्याच तासाला रुग्णालयात न्या.