टीडीएस मीटरने पाण्यातली हार्मोन बिघडवणारी रसायनं कळतात का?

अजिबात नाही. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून क्षारांचा अंदाज देतो, तोही मिलिग्रॅममध्ये. गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनाइल एस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं कृत्रिम रूप) नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजावं लागतं. कॅनडात एका प्रायोगिक तळ्यात ते मुद्दाम लिटरमागे 5-6 नॅनोग्रॅम ठेवलं, तर नर माशांत अंड्यातलं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तिथले फॅटहेड मिनो मासे काही वर्षांत जवळपास संपले!

प्रयोगशाळेत एक तर पाणी खास कार्ट्रिजमधून सोडून रसायनं गोळा करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) मोजतात. आकडा अचूक मिळतो, पण जे शोधायला घ्याल तेवढंच सापडतं. दुसरी पद्धत म्हणजे यीस्टची चाचणी, ती मला जास्त हुशार वाटते. त्या यीस्टमध्ये माणसाचा इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन ओळखणारं प्रथिन, बसवलेला असतो. इस्ट्रोजेनसारखं काहीही भेटलं की पिवळं द्रावण लाल होत जातं. रसायनाचं नाव कळत नाही, एकूण परिणाम कळतो.

नमुना द्यायचाच असेल तर काचेच्या बाटलीत द्या. प्लास्टिकमधून बिस्फेनॉल ए किंवा थॅलेट (प्लास्टिकमधली हार्मोन बिघडवणारी रसायनं) उतरले, तर रिपोर्ट पाण्याचा नाही, बाटलीचा यायचा.